गणपूर्ती

"स्वातंत्र्य राखतं ते दिल्लीचं सरकार," दिनकरराव म्हणाले.

"आणि आपलं ऐकतं ते मुंबईचं," तात्यांनी माईक ओढला.

ग्रामसभेत तासभर हेच चाललं होतं. मुलींच्या कबड्डीसाठी रविवारी समाजमंदिराची किल्ली मागायला कौसाबाई हात वर करून उभी होती.

"पुढच्या सभेत बघू, वहिनी," सरपंच तिसऱ्यांदा म्हणाले.

कौसाबाईने पदर खोचला. "चला गं, भाकऱ्या टाकायच्यात." चाळीस बायका उठल्या.

ग्रामसेवकाने हजेरीवही चाळली. "या गेल्या तर गणपूर्ती होत नाही. सभा तहकूब, पाणीयोजनेचा ठरावही लटकला."

तात्यांनी माईक कौसाबाईपुढे केला. किल्लीचं एकच वाक्य ती बोलली, सगळे हात वर झाले, सरपंचांनी खिशातून किल्ली काढून दिली.

किल्ली कमरेला खोचून कौसाबाई बायकांसह खाली बसली.

"आता सांगा, तात्या. दिल्ली की मुंबई? आम्ही बसलोय."