करी रोडचा पूल

जुनी स्पोर्ट्स गाडी चढावर चालवून कुशाबा मिस्त्री डिलाईल रोडच्या गॅरेजात परतला. “इंजिन ओरडतं, पण गाडी वेग घेत नाही. क्लचप्लेट झिजलीय शेठ, बदलूया.” “आधी रंग मार. क्लचचं शर्यतीनंतर बघू,” शेठ म्हणाला. दुसऱ्या दिवशी संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चावर गोळीबार झाला. गोळी लागलेल्या लहूला, कुशाबाच्या धाकट्या भावाला, लोकांनी गॅरेजात त्याच्याकडे आणलं. रस्त्यावर दुसरं वाहन नव्हतं. त्याला शेजारी बसवून कुशाबानं तीच गाडी इस्पितळाकडे हाकली. करी रोडचा पूल चढताना इंजिन किंचाळलं, करपट वास सुटला, चाकं हलेनात. “दादा, पोचलो?” लहूनं विचारलं. “पोचलोच रे,” म्हणत कुशाबानं त्याला पाठीवर घेतलं. पूल उतरण्याआधीच गळ्यातले हात सुटले. दोन दिवसांनी शेठ येऊन कडाडला, “कुणाला विचारून गाडी नेलीस?” “क्लच तपासायला, शेठ,” कुशाबा म्हणाला. “गेला तो.”