आडोशामागचे फासे

अमेरिकेतल्या डुलूथ शहरातल्या एका घराच्या तळघरात दर रविवारी खेळ रंगायचा. कारिन गोष्ट रचायची. तिचा धाकटा भाऊ लीफ आणि त्याचा मित्र डॅरिल त्या गोष्टीतली माणसं व्हायचे. जग दर वेळी नवं, नियमांचं पुस्तक मात्र तेच. चाचेगिरी करून झाली, चंद्रावर खाणी खणून झाल्या. आता दोघं घोड्यावरून दरोडेखोरांच्या मागावर होते. संकटातून कोण वाचणार, ते कारिन पुठ्ठ्याच्या आडोशामागे फासे टाकून सांगायची.

तुटक्या पुलावरून डॅरिलचा घोडा दरीत कोसळला. मग लीफची पाळी आली.

"वाचलास!" म्हणत कारिन घाईघाईने फासे गोळा करू लागली.

लीफने चाकांची खुर्ची पुढे घेतली आणि आडोसा बाजूला सारला.

फासे बघून डॅरिल ओरडला, "अगं, हा तर मेलाय!"

"समुद्रात मी बुडलो नाही, चंद्रावर माझा श्वास कोंडला नाही," लीफ म्हणाला. "नियम सगळ्यांना सारखे, मग मलाच का गं सूट?"

कारिन आडोसा परत उभा करू लागली, तसा लीफने तो धरून ठेवला.

"ताई, बर्फावर गाडी घसरली तेव्हा स्टिअरिंग तुझ्या हातात होतं, एवढंच. त्यासाठी मला जन्मभर जिंकवत बसणार आहेस का?"

कारिनने आडोसा मिटून खाली ठेवला आणि ती म्हणाली, "लीफ... तुझाही घोडा कोसळला."

"सरक रे डॅरिल," लीफ खळखळून हसला, "दरीत मलाही जागा दे."