गुणाकरभाऊ हलत नाहीत

पातळी १

बटण हिरवं झालं होतं. ‘पुढच्या गावी चला.’ पियुषनं बनवलेल्या खेळातलं हे पहिलं मोठं बटण, आणि गुणाकरभाऊ ते दाबत नव्हते. उंदीर मारून झाले, विहीर उपसून झाली, गुणांची थैली फुटायला आली. माणूस आपला झोपडीमागं वांगी लावत बसलेला.

गुणाकरभाऊ म्हणजे पियुषचे बाबा. सिंचन खात्यातून रिटायर झाले. घरी बसून कंटाळतील म्हणून पियुषनं घरच्या कॉम्प्युटरवर त्यांच्या नावानं खातं उघडून दिलं होतं. तो स्वतः गावातल्या काली पुतली चौकातल्या सायबर कॅफेत बसून सगळा खेळ चालवायचा.

पातळी १ (अजूनही)

एकटे तेच थांबले असते तर चाललं असतं. पण त्यांच्यापायी ऑनलाइन खेळणारी लांजीची पोरं थांबली. गोंदियाचा अख्खा कॅफे थांबला. नवा कोणी आला की गुणाकरभाऊ लिहायचे, ‘जेवला का बापू?’ मग त्याला उंदरांची बिळं दाखवायचे, वर दोन वांगी द्यायचे. सगळे त्यांच्या झोपडीसमोर गप्पा छाटत बसायचे. पुढे जंगल होतं, किल्ला होता, राजधानी होती. पियुषनं वर्षभर खपून रंगवलेली. तिथं चिटपाखरू नव्हतं.

पियुषनं नागपूरच्या एका गेम कंपनीत अर्ज केला होता. तिथले कुशल सर फोनवर म्हणाले, “उद्या सकाळी मी बघणार. लोक वर चढताना दिसले तर नोकरी तुझी. नाहीतर गेम छान आहे, घरी खेळ.”

पातळी १ (बक्षीस वाढवून)

दुसऱ्या गावात घोडा ठेवला. कोणी गेलं नाही. सोन्याची तलवार ठेवली. नाही. मग महाल, फुकट. गुणाकरभाऊंनी लिहिलं, ‘तुमचा तुम्हाले लखलाभ.’

शेवटी पियुषनं दवंडी पिटवली: आज अजगर येऊन हे गाव गिळणार, सर्वांनी पुढच्या गावी निघावं.

गुणाकरभाऊंनी लिहिलं, ‘कोनी हलू नका.’

कोणी हललं नाही. काठ्या घेऊन सगळे वेशीवर उभे राहिले. पियुषनं अजगर आवरला आणि लुना घराकडे हाणली.

पातळी १ (घरी)

बाबा ओसरीवर मटार सोलत होते.

“बाबा, काहून अडून बसलात? माझी नोकरी चालली ना.”

“मी?” बाबांनी शेंग खाली ठेवली. “मले तं तो डब्बा चालू बी करता येत नाही. तुह्या आईले विचार. पंधरा दिवस झाले, सैपाक बी मीच करून राह्यलो.”

आत आशालताबाई चष्मा नाकावर ओढून कॉम्प्युटरसमोर बसल्या होत्या. मागं न बघताच म्हणाल्या, “अजगर निघाला का रे?”

पियुष दारातच थांबला. “आई, तू? मग वर काहून नाही चढत? महाल हाय तिथं.”

“बैहर, लांजी, मंडला, सिवनी. दर खेपेले तुह्या बाबाले प्रमोशन, अन् मले नवं क्वार्टर. जुने पडदे एका बी खिडकीले पुरले नाहीत. शेजारीण जरा वळखीची झाली का ट्रक दारात.” त्यांनी स्क्रीनवरच्या वांग्यांना पाणी घातलं. “महालाले खिडक्या किती हायेत?”

महालाच्या खिडक्या रंगवताना पियुषनं हात आखडला नव्हता. “पुष्कळ,” तो म्हणाला.

“मंग राहू दे.”

पियुषनं स्टूल ओढलं. आईशेजारी बसून त्यानं खेळ नव्यानं मांडायला घेतला.

पातळी २

गाव तेच; बटणावर आता नुसतं ‘वर चढा’. झोपडी तीच, नुसती पडवी वाढली, दाराशी घोडा आला. जंगल उचलून पियुषनं वेशीलाच आणून लावलं. सकाळी जा, लढा, जेवायला घरी या.

दुसऱ्या दिवशी कुशल सर बघत होते तेव्हा अख्खं गाव वर चढत होतं आणि जागचं कोणी हलत नव्हतं. त्यांनी दोनदा चष्मा पुसला आणि पियुषला फोन लावला.

बटण सगळ्यांत आधी गुणाकरभाऊंनी दाबलं होतं. लांजीच्या पोरांनी अभिनंदन केलं. खाली त्यांचं उत्तर होतं:

‘पेढे खाऊन जा सारे. पह्यलंच प्रमोशन हाय माह्यं.’