सकाळी कलमं, दुपारी माती

“सात वर्षं ज्याची काही खबर नाही, तो मेला असं कायदा धरून चालतो,” बाई म्हणाल्या आणि फळ्याच्या खालच्या अर्ध्या भागात तेवढंच लिहिलं. त्यांचा उजवा खांदा वर जात नसे.

मागच्या बाकावरची चष्मेवाली उठली. “बाई, आणि तो परत आला तर?”

“तर आपण जिवंत आहोत हे त्याने येऊन सिद्ध करायचं.”

“म्हणजे मेल्यावरही खेटे त्यानेच घालायचे!”

वर्ग खदखदून हसला. बाईही हसल्या. मग त्यांनी दाराकडे पाहिलं. दारात कुणी नव्हतं.

शाळेत शिक्षक अपुरे, त्यामुळे सकाळी कायदा आणि दुपारी भूशास्त्र, दोन्ही त्यांच्याच गळ्यात पडलं होतं. मुलं सकाळी त्यांना कलमबाई म्हणत आणि दुपारी मातीबाई. बाईंना दोन्ही नावं ठाऊक होती.

दुपारी त्यांनी वर्ग मैदानावर नेला. नळ टाकायला तिथे चर खणला होता. बुजवून वर रोलर फिरवला, तरी लांबट खळगा पडलाच, आणि धावताना रोज कुणीतरी तिथे तोंडघशी पडे.

“खणलं की मातीचे थर मोडतात,” बाई सांगत होत्या. “परत भरताना आत पोकळी राहते. मग पावसापाण्याने ती बसत जाते.”

“किती वर्षं बसते?” पुन्हा चष्मेवालीच.

“आत काय आहे, त्यावर असतं,” म्हणून बाईंनी तास आवरता घेतला.

घरी पोचल्या तेव्हा रोपवाला मातीचं पोतं उतरवत होता.

“आजी, कुंड्या चार आणि माती पोत्याने! खाता की काय?”

“तू आधी ते मागच्या अंगणात ठेव आणि तोंड धू. तूच खाऊन आल्यासारखा दिसतोस,” सासूबाई म्हणाल्या.

मागच्या अंगणात बाई जात नसत. त्यांच्या नवऱ्याची सायकल तिथे अजून उभी होती. सासूबाईंनी ती तिथे लावली होती आणि त्या कुणाला हलवू देत नसत. कधी कधी भर दुपारीसुद्धा बाईंना तिची साखळी फिरल्याचा आवाज येई.

“आई, सायकल हलवलीत का?”

“नाही गं. वारा असेल.”

ज्या वर्षी तो न सांगता निघून गेल्याचं बाईंनी शेजाऱ्यांना सांगितलं, त्याच वर्षी बाईंचा खांदा निखळला होता. न्हाणीघरात पाय घसरला, असं त्यांनी डॉक्टरांना सांगितलं होतं. तेव्हापासून सासूबाई रोज संध्याकाळी त्या खांद्याला कोमट तेल लावत. नंतर जपाला बसत.

तेल लावता लावता त्या संध्याकाळीही नवऱ्याला मृत ठरवण्याच्या अर्जाचा विषय निघाला. वकीलबाईंनी बजावलं होतं, ‘उद्या आईंनी शपथेवर एवढंच सांगायचं, मुलाची काही खबर नाही. त्या अडून बसल्या, तर तपास पुन्हा पहिल्यापासून. पोलीस घरी येतील.’

“आई, एकच वाक्य आहे हो.”

“ज्या तोंडाने नाव घेते, त्या तोंडाने खोटं बोलू? रोज बोलते मी त्याच्याशी. खबर नाही म्हणून कसं सांगू?”

बाईंना वाटलं, शेजारी म्हणायचे ते खरंच असावं. पोराच्या वाटेकडे डोळे लावून म्हातारीचं मन फिरलं असावं. त्या रात्री बाईंचा डोळ्याला डोळा लागला नाही.

कोर्टात सासूबाईंना खुर्ची दिली, तरी त्या उभ्याच राहिल्या. न्यायाधीशांनी विचारलं, “आजी, मुलाचा काही ठावठिकाणा? पत्र, फोन, काही?”

वकीलबाईंनी घसा खाकरला. सासूबाईंनी वळून सुनेकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्याकडे नाही, खांद्याकडे.

“काही खबर नाही,” त्या म्हणाल्या.

घरी आल्यावर त्यांनी जपमाळ डबीत घातली आणि डबी फडताळात वर, मागे सारली.

“आज जप नाही, आई?”

“नको. आता या तोंडाने नको.”

बाईंना भरून आलं. पोराची आशा सोडणं म्हातारीला इतकं जड गेलं होतं. त्या पाया पडायला वाकल्या, पण सासूबाई मागचं दार उघडून बाहेर गेल्या होत्या. सायकल त्यांनी बाजूला घेतली होती आणि पोत्यातली माती टोपलीत भरत होत्या.

“ये, दुसरा कान धर,” त्या हळूच म्हणाल्या. “तू घाईघाईत बुजवलंस गं. त्याच्यावरची माती दर वर्षी खचते. इतकी वर्षं मी एकटीच भर घालत आले, आता टोपली उचलवत नाही.”