पहिलाच झटका

"यापूर्वी असं कधी झालं होतं?" विमा कंपनीच्या मुलीने फोनवर विचारलं.

लिओनोरने काचेपलीकडे पाहिलं. तिचा नवरा अन्सेल्मो दवाखान्याच्या खाटेवर पोट धरून, गुडघे दुमडून पडला होता.

"कधीच नाही," ती म्हणाली.

हे बोलणं नोंदवलं जातंय, माहिती खोटी निघाली तर विमा रद्द होतो, असं मुलीने बजावलं. लिओनोरने तेच उत्तर पुन्हा दिलं.

स्वादुपिंडाला सूज येण्याची अन्सेल्मोची ही तिसरी खेप होती. आधीच्या दोन्ही कुएन्काला, घरी असताना. सुट्टीला समुद्रकाठच्या कार्ताहेनाला यायचं ठरलं तेव्हा प्रवासाचा विमा त्यानेच काढून आणला. तिने माहितीपुस्तिका वाचली ती थेट विमानात. जुना आजार उलटला तर फक्त पहिला तातडीचा उपचार. पुढचं सगळं प्रवाशाने बघायचं. तेव्हापासून तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. समुद्रावर बसूनही ती त्याच्या ताटातला तळलेला मासा काढून घेत होती.

आज दुपारी त्याला कळ आली, तशी तिने आधी त्याच्या रोजच्या गोळ्या हॉटेलच्या कचऱ्यात टाकल्या. टॅक्सीत त्याला पढवलं, "कुणी विचारलं तर नुसती मान हलव. बोलायचं मी बघते." तो काहीतरी सांगू पाहत होता, पण उलटीने त्याला बोलू दिलं नाही.

डॉक्टरीणबाई तरुण होती. रिपोर्ट पाहून तिने विचारलं, "बाई, नक्की पहिल्यांदाच? मला हे जुनं वाटतंय."

"पहिल्यांदाच."

डॉक्टरणीने तसं लिहून कागद पुढे केला. लिओनोरने सही केली आणि मग दोन तास ती खुर्ची ते खिडकी, खिडकी ते खुर्ची अशा येरझाऱ्या घालत राहिली.

संध्याकाळी अन्सेल्मोने डोळे उघडले. कळ उतरली होती. ती त्याच्या कानाशी वाकली.

"आता निवांत पड. मी सगळं सांभाळलंय. पहिलाच झटका म्हणून सांगितलं, सहीसुद्धा केली."



"विम्याच्या फॉर्मवर मी आधीचे दोन्ही झटके तारखांसकट लिहिलेत, लिओनोर," तो म्हणाला. "जुन्या आजाराचा जादा विमाही घेतलाय. तू मला खोटं लिहायला लावशील, म्हणून तुला बोललो नाही."