स्वतःच्या शब्दांत

"कुठून उतरवलंस ते सांग, म्हणजे विषय संपला," जयलक्ष्मी मिस म्हणाल्या.

नववीतली वनजा टेबलासमोर उभी होती. टेबलावर तिचा इंग्रजी निबंध होता, 'माझ्या वडिलांचं काम'. त्यातल्या एका वाक्याखाली मिसनी लाल रेघ ओढली होती. माणूस गेला तरी त्याच्या कोटाची कोपरं काही दिवस वाकलेलीच राहतात, असं ते वाक्य होतं.

दुसऱ्याचं लिखाण आपलं म्हणून देणं ही चोरी आहे, हे मिसनी गेल्याच महिन्यात वर्गाला शिकवलं होतं. मोडकंतोडकं चालेल, पण स्वतःच्या शब्दांत लिहा, असं त्या अगदी मनापासून म्हणाल्या होत्या. हा निबंध त्यांनी कम्प्युटरवर तपासला. काही सापडलं नाही. म्हणजे एखाद्या पुस्तकातला असणार, असं त्यांनी ठरवलं.

"मीच लिहिलाय, मिस."

"हे मोठ्या माणसाचं वाक्य आहे, वनजा."

शेजारी तिचे वडील नागोजीराव उभे होते. नजरबादेत त्यांचं शिवणकामाचं दुकान होतं. रविवारची अख्खी दुपार मुलगी दुकानात बसून लिहीत होती, खोडत होती, पुन्हा लिहीत होती. ते सगळं त्यांनी पाहिलं होतं. ते काही बोलणार, तेवढ्यात मिसनी माफीपत्र पुढे सरकवलं.

"सही झाली तर इथंच मिटेल. नाहीतर हेडमास्तरांकडे जाईल. ते शाळेतून नावही काढतील."

नागोजीराव मुलीकडे वळून घरच्या कानडीमिश्रित मराठीत म्हणाले, "वाद बेड, नकोच तो, पोरी. सही करून टाक."

वनजा त्यांच्याकडे बघत राहिली. ते आणखी काही बोलतील म्हणून थांबली. त्यांनी मान खाली घातली. मग तिनं सही केली.

पुढचा निबंध 'प्राणिसंग्रहालयाची सहल' होता. वनजानं दीड पान लिहून दिलं. हत्ती मोठा होता. सिंह जंगलाचा राजा होता. आम्ही चित्रान्न खाल्लं आणि खूप मजा केली. सहा ठिकाणी स्पेलिंग चुकलं होतं.

मिसनी तो वर्गात वाचून दाखवला. त्यांचा आवाज भरून आला होता.

"चुका असू देत. हे तिचं स्वतःचं आहे," त्या म्हणाल्या.

तो निबंध नागोजीरावांनी मेटगळ्ळीच्या एका नातेवाइकाच्या मुलाच्या जुन्या वहीतून आणून दिला होता, आणि वनजानं तो चुकांसकट जसाच्या तसा उतरवला होता.