सोबतीची तपासणी

जिन्यात नवरा पुन्हा थांबला आणि छातीवर हात दाबून मटकन पायरीवर बसला.

"आता पुरे झालं!" शिवणबाई कडाडली. घरीच कपडे शिवायची, म्हणून सगळी गल्ली तिला शिवणबाईच म्हणायची. "आठवडाभर हेच चाललंय. आत्ताच्या आत्ता दवाखाना!"

"आणि तुझा जबडा? जिना चढलीस की दुखतो ना?"

"दात असेल एखादा. विषय बदलू नका."

ती स्वतः घामाने निथळत होती. पण शाळेच्या गणवेशांचा ढीग पडलेला असताना स्वतःच्या दुखण्याकडे बघायला तिला सवड कुठली?

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी हृदयाचं चित्र पुढे सरकवलं. "सगळ्या शरीराला रक्त पुरवणाऱ्या हृदयालाही रक्त लागतं. ते या बारीक रक्तवाहिन्यांतून येतं. आत चरबीचा थर साचला, की वाट अरुंद होते. बसल्या जागी भागतं, पण जिना चढताना रक्त अपुरं पडतं आणि छाती दाटते. बायकांना तर कधीकधी नुसती धाप लागते, नाहीतर जबडा दुखतो."

यजमानांसाठी मान डोलावता डोलावता शिवणबाईचा हात आपसूक स्वतःच्या जबड्याकडे गेला.

"सोबत आलाच आहात, तर तुमचीही तपासणी करू. आधी तुमचीच."

सरकत्या पट्ट्यावर तीन मिनिटं चालली नसेल, तोच तिचा जबडा ठणकायला लागला. हृदयाचे ठोके टिपणाऱ्या यंत्राच्या कागदावरच्या रेघा बदलल्या. अँजिओग्राफीत एक मोठी रक्तवाहिनी नव्वद टक्के बंद निघाली. दुसऱ्याच दिवशी मनगटातून बारीक नळी सरकवून तिथे वाट उघडी ठेवणारा जाळीदार स्टेंट बसवला.

पंधरा दिवसांनी ती दवाखान्याचा जिना न थांबता चढून आली. ना धाप, ना कळ. कित्येक महिन्यांनी श्वास पोटभर मिळत होता. वर पोचताच तिला रडूच फुटलं.

"थोडक्यात वाचलात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

डोळे पुसून शिवणबाईने बाहेर औषधांच्या रांगेत उभ्या असलेल्या नवऱ्याकडे पाहिलं. "माझ्या गडबडीत यांचं मात्र राहूनच गेलं हो. आज यांनाही तपासा."

"त्यांना मी तुमच्या आधीच तपासलंय. एकटेच आले होते. ठणठणीत आहेत." डॉक्टरीणबाईंना हसू आवरेना. "म्हणाले, 'बायको काही केल्या दवाखान्यात येत नाही, तेवढं छातीत दुखल्याचं सोंग कसं करायचं ते शिकवा.'"